परदेशी गुरू आणि गोमंतकाचे मैदान

दोडामार्गाची वेस ओलांडली की गोमंतकातील डिचोली तालुका लागतो. त्या मुलखात फुटबॉलचे वेड पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. 1883 साली विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूंनी शिवोली येथील मुलांस हा खेळ शिकविला. पुढे चर्चच्या पटांगणांतून व शाळांतून तो गावोगाव रुजला.

त्यानंतर 131 वर्षांनी, 2014 साली, ब्राझीलचे विख्यात खेळाडू झिको एफ. सी. गोवा संघाचे प्रशिक्षक होऊन आले. त्यांचे वडील पोर्तुगीज असल्यामुळे गोव्याशी त्यांचे भाषेचे नाते आपोआप जुळले. तत्पूर्वी जपान, तुर्कस्थान, रशिया, ग्रीस, इराक अशा अनेक देशांत त्यांनी अध्यापन केले होते. जपानच्या राष्ट्रीय संघास 2004 मध्ये त्यांनी आशियाई चषक मिळवून दिला.

परंतु त्यांचे खरे स्मारक काशिमा हे होय. 1991 साली ते तेथे गेले, तेव्हा त्या पोलादाच्या गावी एका कारखान्याचा दुय्यम श्रेणीतील संघ तेवढा होता. झिकोंनी त्यास निष्ठा, प्रामाणिकपणा व परस्पर आदर यांचे वळण लावले. ते वळण त्यांच्यामागेही टिकले, आणि 2016 पर्यंत काशिमाने जपानची साखळी स्पर्धा आठ वेळा जिंकली.

गोव्याचा अनुभव निराळा ठरला. 2015 च्या अंतिम सामन्यात, फातोर्डाच्या मैदानावर, संघ अखेरच्या क्षणांपर्यंत 2-1 असा पुढे होता. तथापि चेन्नईने दोन गोल करून विजय हिरावून घेतला. पुढील वर्षी संघ आठांत आठवा आला आणि झिको परतले. त्याच 2016 मध्ये धेंपो, साळगावकर व स्पोर्टिंग या गोव्याच्या तीन जुन्या संघांनी महासंघाच्या नव्या योजनेच्या निषेधार्थ राष्ट्रीय साखळीतून अंग काढून घेतले.

हा दोष एकट्या गुरूच्या माथी मारणे न्याय्य नव्हे. त्या काळी गोव्याचा हंगाम ऑक्टोबर ते डिसेंबर एवढाच चाले. तेवढ्या अवधीत सामने खेळता येतात, माणसे घडविता येत नाहीत. काशिमास कारखान्याचा आधार व वर्षभराचा सराव होता. लायन्स यांच्यामागे शाळा होत्या. तिळारीचे धरण आपल्या दोडामार्गात आहे, तरी त्याचे पाणी गोव्याच्या शेतात पोहोचते ते कालव्यांमुळे. थोर गुरूस दूरदेशाहून बोलावणाऱ्यांनी त्याच्या विद्येसाठी असे कालवे आधी खणून ठेवावेत, हेच या इतिहासाचे सांगणे आहे.