पाँडिचेरीचा संस्थापक आणि भीमेचा काठ

दौंड तालुक्याच्या उत्तर सीमेवरून भीमा वाहते. तिच्या पलीकडच्या काठावर, श्रीगोंदे तालुक्यात, पेडगावचा बहादूरगड उभा आहे. नदीच्या उगमाकडे वर सरकत गेले की शिरूर तालुक्यातील कोरेगाव भीमा आणि वढू बुद्रुक लागतात. फेब्रुवारी आणि मार्च १६८९ मध्ये या दोन ठिकाणांच्या दरम्यान जे घडले, ते महाराष्ट्रातील प्रत्येक इतिहासप्रेमीला पाठ आहे. मात्र त्या घटनेचा धक्का हजार किलोमीटर दूर, पूर्व किनाऱ्यावरच्या एका फ्रेंच व्यापाऱ्याच्या आयुष्यालाही बसला. हा धागा त्या व्यापाऱ्याचा आहे. त्याचे नाव फ्रान्स्वा मार्टिन, पाँडिचेरीचा संस्थापक.

मार्टिनचा जन्म १६३४ मध्ये पॅरिस येथे झाला. वडील सधन किराणा व्यापारी, पण हा मुलगा विवाहबाह्य संबंधातून जन्मलेला. वडील वारले आणि सावत्र भावाने त्याला घराबाहेर काढले. तो एका दुकानात नोकर म्हणून राहिला. पुढे मारी कुपर्ली या गरीब घरच्या मुलीशी त्याने विवाह केला, आणि त्यामुळे ती नोकरीही गेली. संसार उभा करायला हाती काहीच उरले नव्हते.

नेमके त्याच सुमारास, १६६४ मध्ये, चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन केली. इंग्रज आणि डच यांच्या कंपन्या साठ वर्षांपूर्वीच निघाल्या होत्या. फ्रेंच उशिरा जागे झाले. मार्टिनने कंपनीत दुय्यम व्यापारी म्हणून चाकरी धरली आणि १६६५ मध्ये जहाजावर पाय ठेवला. पत्नीची पुन्हा गाठ पडायला त्यानंतर सुमारे वीस वर्षे जावी लागली.

पहिली तीन-चार वर्षे मादागास्करमधील वसाहतीत गेली. तेथे उपासमार, रोगराई आणि आपसांतील भांडणे यांपलीकडे फ्रेंचांच्या पदरी फारसे पडले नाही. मग सुरत, आणि तेथून मच्छलीपट्टण. या काळात मार्टिनने एक सवय लावून घेतली, तिच्यासाठी आज मराठी वाचकाने त्याचे ऋण मानावे. पाहिलेले आणि ऐकलेले तो लिहून ठेवू लागला. १६६५ ते १६९६ या कालखंडाच्या त्याच्या आठवणी विसाव्या शतकात आल्फ्रेड मार्टिनो यांनी तीन खंडांत प्रसिद्ध केल्या. छत्रपती शिवाजी महाराजांच्या दक्षिण दिग्विजयासाठी आणि जिंजीपर्वासाठी हे एक महत्त्वाचे समकालीन साधन आहे.

पाँडिचेरीचे बीज पराभवात आहे. १६७२ मध्ये फ्रेंच आरमाराने मद्रासजवळचे सेंट थोम जिंकले. गोवळकोंड्याची फौज जमिनीवरून आणि डच समुद्रावरून त्याला भिडले. वेढ्यातल्या लोकांना धान्य हवे होते, आणि ते विजापूरचा सरदार शेरखान लोदी देऊ शकत होता. त्याच्याशी बोलणी होऊन १६७३ मध्ये फ्रेंचांना किनाऱ्यावरच्या एका लहान गावात राहण्याची परवानगी मिळाली. ते गाव म्हणजे पाँडिचेरी. १६७४ मध्ये सेंट थोम पडले तेव्हा मार्टिन मूठभर माणसे घेऊन या गावात ठाण मांडून बसला. कंपनीचे वरिष्ठ सुरतेला, आणि त्यांचे या गावाकडे फारसे लक्षही नव्हते.

मार्टिनने शेरखानाशी मैत्री वाढवली. कंपनीचा पैसा त्याला कर्जाऊ दिला. १६७६ मध्ये तर शेरखानाच्या वतीने, जिंजीकर प्रतिस्पर्ध्याकडून वलुदावूरचा किल्ला घेण्यासाठी त्याने स्वतःची माणसे वापरली. किराणा दुकानातला नोकर दहा-बारा वर्षांत दक्षिणेच्या राजकारणात उतरला होता, आणि त्याने सगळा डाव एकाच सोंगटीवर लावला होता.

ती सोंगटी दुसऱ्याच वर्षी मारली गेली. मे १६७७ मध्ये जिंजी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली आणि लवकरच शेरखानाच्या फौजेची दाणादाण उडाली. शेरखानाने शरणागती पत्करून मुलाला ओलीस दिले. मार्टिनची स्थिती काय झाली असेल याची कल्पना करावी. ज्याचा कौल घेऊन तो बसला होता तो मालक संपला, ज्याला कर्ज दिले तो कफल्लक झाला, आणि जिंकणाऱ्याच्या दृष्टीने तो शत्रूचा साथीदार होता.

त्याने वकील पाठवले. महाराजांकडून उत्तर आले ते अभयाचे: फ्रेंचांनी निर्धास्त राहावे, मात्र लढाईत कोणाचीही बाजू घेऊ नये. पाँडिचेरीच्या कारभारासाठी मराठी हवालदार येणार होता. पुढे मार्टिनने जर्मेन नावाच्या आपल्या माणसाला कोळ्ळिडम नदीकाठच्या छावणीत महाराजांच्या भेटीस धाडले. जर्मेनने परत येऊन सांगितलेले वर्णन मार्टिनने नोंदवले आहे. छावणीत डामडौल नव्हता, स्त्रिया नव्हत्या, सामानसुमानाचा पसारा नव्हता. जाडेभरडे कापड असलेले दोनच लहान तंबू होते, एक महाराजांचा आणि दुसरा त्यांच्या प्रधानाचा. मोगली छावणी म्हणजे चालते-फिरते शहर, हे फ्रेंचांना चांगले ठाऊक होते. म्हणूनच दोन तंबूंची नोंद करावीशी त्यांना वाटली असावी.

हाच मार्टिन जिंजी प्रांतातील मराठी अधिकाऱ्यांच्या महसूलवसुलीवर सडकून टीका करतो, हेही सांगितले पाहिजे. त्यातला काही भाग हा जकात आणि नजराणे देऊन वैतागलेल्या व्यापाऱ्याचा त्रागा आहे. सगळाच तसा म्हणून बाजूला सारता येत नाही. स्तुतीचे परिच्छेद तेवढे उचलायचे आणि उरलेले झाकून ठेवायचे, हा साधनांशी केलेला व्यवहार बरा नव्हे.

यानंतरची बारा वर्षे पाँडिचेरी मराठ्यांच्या छत्राखाली वाढली. विणकर येऊन वसले, कापडाच्या गासड्या जहाजांवर चढू लागल्या. जिंजीचा कारभार आधी रघुनाथपंत हणमंते आणि नंतर शिवाजी महाराजांचे जावई हरजीराजे महाडिक यांच्याकडे होता. मार्टिन या दरबाराशी पत्रे, नजराणे आणि वकील यांच्या आधारे जमवून घेत राहिला. राजधानी रायगड फार दूर होती, आणि हे अंतर मार्टिनच्या पथ्यावरच पडत होते.

आता पुन्हा भीमेकडे येऊ.

१ फेब्रुवारी १६८९ रोजी छत्रपती संभाजी महाराज संगमेश्वरी पकडले गेले. त्यांना औरंगजेबाच्या बहादूरगडच्या छावणीत आणण्यात आले. ही जागा म्हणजे आजच्या दौंड तालुक्याच्या समोरचा काठ. तेथून बादशहाची छावणी भीमेच्याच काठाने कोरेगावकडे हलली आणि ११ मार्च १६८९ रोजी महाराजांची हत्या झाली. वढू बुद्रुक येथील समाधी त्याची साक्ष आहे. औरंगजेबाच्या हिशोबाने मराठ्यांचे राज्य येथे संपले होते.

रायगडाला वेढा पडला. राजाराम महाराज गड सोडून पन्हाळ्यास गेले आणि सप्टेंबरमध्ये वेषांतर करून दक्षिणेकडे निघाले. वाटेत केळदीच्या राणी चेन्नम्मेने आश्रय दिला. नोव्हेंबर १६८९ मध्ये ते जिंजीला पोहोचले. त्याच महिन्यात रायगड पडला. येसूबाई आणि बाल शाहू मोगलांच्या हाती लागले. स्वराज्याची राजधानी आता जिंजी होती, आणि जिंजीपासून पाँडिचेरी अवघी साठ-सत्तर किलोमीटर. ज्या सत्तेचे अंतर मार्टिनला सोयीचे होते, ती सत्ता त्याच्या दाराशी येऊन बसली.

नवे दरबार, नवे खर्च. सैन्याला पगार हवा, शिबंदीला धान्य हवे, आणि तिजोरी रिकामी. सप्टेंबर १६९० पासून झुल्फिकारखानाचा वेढा पडला. अशा वेळी राजाराम महाराजांकडे विकण्याजोगे काय होते? किनारा होता. त्या किनाऱ्यावर तीन युरोपीय कंपन्या एकमेकींवर डोळे वटारून बसल्या होत्या, आणि तिघींकडे रोख पैसा होता.

पहिला मोठा सौदा इंग्रजांनी केला. १६९० मध्ये मद्रासच्या इंग्रजांनी कडलूरजवळचा देवनामपट्टणमचा किल्ला मराठ्यांकडून विकत घेतला. अट अशी की तोफेचा गोळा जेथवर जाईल तेथवरची जमीन किल्ल्यासोबत. गोळे डागले गेले आणि त्या टप्प्यात आलेली गावे इंग्रजांची झाली. हाच पुढचा सेंट डेव्हिडचा किल्ला. १७४६ मध्ये फ्रेंचांनी मद्रास घेतले तेव्हा इंग्रजांचे कोरोमंडलवरचे मुख्य ठाणे येथेच हलले. भीमाकाठच्या हत्येनंतर दीड वर्षाने, वेढ्यातल्या दरबाराने पगारासाठी केलेला हा व्यवहार होता. त्याचे ओझे पुढच्या शतकाने वाहिले.

मार्टिननेही ही संधी ओळखली होती. युरोपात फ्रान्स आणि हॉलंड यांच्यात युद्ध पेटले होते. नागपट्टणमचे डच केव्हाही येतील ही भीती होती. जिंजीच्या मराठी राज्यकर्त्यांच्या परवानगीने त्याने पाँडिचेरीला तट आणि बुरूज उभारले. बदल्यात पैसा मोजला. तट बेताचाच होता, पण फ्रान्सहून मदत येत नसताना एवढे करणे सोपे नव्हते.

तटाने फारसा उपयोग झाला नाही. डचांनी जिंजीकडून पाँडिचेरीवरचा हक्क पैसे देऊन मिळवला आणि १६९३ मध्ये मोठे आरमार घेऊन ते दाखल झाले. मार्टिनजवळ फ्रेंच माणसे थोडी आणि देशी शिपाई काहीशे. काही दिवसांच्या तोफमाऱ्यानंतर सप्टेंबरमध्ये त्याने किल्ला खाली केला. ज्या मराठी सत्तेने १६७७ मध्ये त्याला राहू दिले, तिनेच सोळा वर्षांनी त्याच्या पायाखालची जमीन दुसऱ्याला विकली. याला विश्वासघात म्हणण्याची घाई करू नये. चार वर्षांपूर्वी छत्रपतींची हत्या झालेले, राजधानी गमावलेले, वेढ्यात अडकलेले राज्य जगण्यासाठी हातात येईल ते विकत होते. मार्टिनला मात्र हे समजून घेणे जड गेले असल्यास नवल नाही. त्याचे एकोणीस वर्षांचे काम गेले होते.

डचांच्या कैदेतून सुटून तो बंगालमध्ये चंद्रनगरला गेला. तेथील फ्रेंच ठाण्याचा प्रमुख बुरो-देलांद हा त्याचाच जावई. (हाच देलांद पुढे मनुचीच्या 'स्टोरिया दो मोगोर'चे हस्तलिखित घेऊन युरोपला गेला. मोगल आणि मराठी इतिहासाची किती साधने या एका कुटुंबाच्या हातून गेली, हे पाहण्यासारखे आहे.) मार्टिन साठीचा होता. अशा वयात बहुतेक माणसे फ्रान्सला परतली असती. तो थांबला.

१६९७ मध्ये रिस्विकच्या तहाने पाँडिचेरी फ्रान्सला परत मिळाली आणि १६९९ मध्ये मार्टिनने ती प्रत्यक्ष ताब्यात घेतली. डचांनी सहा वर्षांत तटबंदी मजबूत केली होती आणि शहराच्या काटकोनी रस्त्यांची आखणीही केली होती. तटबंदीचे पैसे त्यांनी वसूल केले. आज पर्यटक ज्या सरळ फ्रेंच रस्त्यांची छायाचित्रे काढतात, त्यांची मूळ आखणी डच आहे.

तोवर जिंजीचे पर्व संपले होते. मोगलांनी १६९८ च्या आरंभी किल्ला घेतला, पण त्याआधीच राजाराम महाराज निसटले आणि पुढे विशाळगडी पोहोचले. औरंगजेब त्या वेळी पंढरपूरजवळ ब्रह्मपुरीला मुक्काम ठोकून होता, म्हणजे पुन्हा भीमेच्याच काठी. १६८९ मध्ये ज्या नदीकाठी त्याने राज्य संपल्याचे मानले, त्याच नदीकाठी नऊ वर्षांनंतर छत्रपती सुटल्याची बातमी त्याला ऐकावी लागली.

मार्टिनला आता मोगल अधिकाऱ्यांशी जुळवून घ्यावे लागले. ते त्याला जमले. तिसऱ्या मालकाशी व्यवहार करण्याचा सराव एव्हाना झालाच होता. १७०१ मध्ये भारतातील फ्रेंचांचे मुख्य ठाणे सुरतेहून पाँडिचेरीला आले. मार्टिन त्याचा प्रमुख झाला. त्याने नव्या किल्ल्याचे बांधकाम हाती घेतले आणि ऑगस्ट १७०६ मध्ये सेंट लुई किल्ल्याचे उद्घाटन झाले. ३१ डिसेंबर १७०६ रोजी, भारतात अडतीस वर्षे काढून, मार्टिनचे निधन झाले. त्यानंतर दोन-तीन महिन्यांतच अहिल्यानगरजवळच्या छावणीत औरंगजेबही मरण पावला.

सेंट लुई किल्ला पन्नास-पंचावन्न वर्षे टिकला. १७६१ मध्ये पाँडिचेरी जिंकल्यावर इंग्रजांनी तो सुरुंग लावून जमीनदोस्त केला. त्या परिसरात आता भारती उद्यान आहे आणि संध्याकाळी तेथे मुले खेळतात. देवनामपट्टणमच्या किल्ल्याचेही थोडेच अवशेष समुद्रकाठी उरले आहेत. जिंजीचे तिन्ही डोंगर आणि त्यांवरचा कोट मात्र अजून उभा आहे, आणि वढूच्या समाधीवर दर वर्षी फाल्गुन अमावास्येला हजारो लोक येतात.