खाजण, गोदी आणि रोहित

मुंबईचा इतिहास शिकवताना सात बेटे जोडून शहर कसे उभे राहिले हे आपण सांगतो. ‘समुद्र हटवून जमीन मिळवली’ हे वाक्य विद्यार्थ्यांना पाठच असते. परंतु भरावाखाली गेलेल्या जागेचा बराचसा भाग धड समुद्र नव्हता आणि धड जमीनही नव्हती. भरतीला बुडणारी व ओहोटीला उघडी पडणारी ती खाजणे होती. ती ‘रिकामी’ मानली गेल्यामुळे त्यांची हानी कोणाच्या हिशेबात आली नाही.

ही जागा रिकामी असते का? मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीच्या पातळीत चार ते पाच मीटरांचा फरक पडतो. तळ सपाट असल्यामुळे ओहोटीला चिखलाचा विस्तीर्ण पट्टा उघडा पडतो. त्यात सूक्ष्म शैवाले, कृमी, शिंपले व खेकडे विपुल असतात. तुतवार आणि चिखल्या यांसारखे स्थलांतरित पक्षी चोचीच्या लांबीनुसार वेगवेगळ्या खोलीवरचे अन्न टिपतात. काठावरची तिवरे गाळ धरून ठेवतात व लाटांचा जोर मोडतात.

1784 च्या सुमारास महालक्ष्मी व वरळी यांमधील खिंडार हॉर्नबी वेलार्ड या बांधाने बुजले आणि बेटांमधील सखल भागात शिरणारी भरती अडली. आम्ही येथे मुख्यतः पूर्व किनाऱ्याचा विचार करणार आहोत. या बाजूला मुंबई बेटाचाच आडोसा असल्याने खुल्या समुद्राच्या लाटा पोहोचत नाहीत. म्हणून येथे जहाजे सुरक्षित राहतात. आणि पाणी संथ असल्यामुळे गाळही येथेच बसतो. बंदर आणि खाजण ही अशी एकाच कारणाची दोन फळे आहेत. एकाला खोल पाणी हवे, तर दुसऱ्याला उथळ.

1873 मध्ये पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली. त्यानंतर 1880 मध्ये प्रिन्सेस, 1888 मध्ये व्हिक्टोरिया आणि 1914 मध्ये अलेक्झांड्रा गोदी सुरू झाली. अलेक्झांड्रा गोदी खणताना निघालेल्या मातीच्या भरावावर बॅलार्ड इस्टेट उभी राहिली. 1989 मध्ये समोरच्या तीरावर न्हावा-शेवा येथे नवे बंदर सुरू झाले.

यानंतर एक अनपेक्षित गोष्ट घडली. 1990 च्या दशकाच्या मध्यापासून शिवडीच्या चिखलावर रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो, हजारोंच्या संख्येने दिसू लागले. त्यांतील छोटा रोहित चोचीतील गाळणीने पाण्यातली सूक्ष्म शैवाले गाळून खातो. शहराच्या सांडपाण्यातील नत्र व स्फुरद यांमुळे खाडीत शैवाल वाढते, हे त्यांच्या येण्याचे एक संभाव्य कारण मानले जाते. तसे असेल तर रोहितांची गर्दी हे खाडीच्या आरोग्याचे प्रमाणपत्र ठरत नाही. शैवाल फार वाढून कुजू लागले की पाण्यातील प्राणवायू घटतो आणि मासे व शिंपले गुदमरतात.

2015 मध्ये ठाणे खाडीत ऐरोली व वाशी पुलांदरम्यान फ्लेमिंगो अभयारण्य घोषित झाले. 2022 मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर पाणथळ जागांच्या यादीत स्थान मिळाले. ही मोठीच गोष्ट आहे. मात्र शिवडीचा चिखल या अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहे, आणि 2024 मध्ये खुला झालेला सागरी सेतू शिवडीपासूनच सुरू होतो. शिवाय भरतीला चिखल बुडाला की पक्ष्यांना विसाव्यासाठी दुसरी उथळ जागा लागते. नवी मुंबई व उरणकडील तळी आणि पाणथळी त्यांना त्यासाठी उपयोगी पडतात. चरण्याची जागा राखली आणि विसाव्याची बुजवली, तर पक्ष्याचे अर्धेच घर राहते. नकाशावरची हद्द स्थिर असते. पक्षी मात्र दिवसातून दोनदा भरतीबरोबर जागा बदलतात.

वर्गात मुंबईचा जुना व नवा नकाशा शेजारी ठेवून भरलेली जागा विद्यार्थ्यांना रंगवायला सांगावी. मग वर्तमानपत्रातील भरती-ओहोटीच्या वेळा पाहून, पाणी चढल्यावर पक्षी कोठे जातील, हे नव्या नकाशावर शोधायला लावावे. ‘जमीन मिळवली’ या वाक्याची दुसरी बाजू त्यांना स्वतःलाच सापडेल.