कॉन्फरन्स बदलली की विद्यापीठाच्या संघाचे काय होते?

अमेरिकेत विद्यापीठांचे क्रीडासंघ ज्या गटात एकमेकांशी सामने खेळतात, त्याला 'कॉन्फरन्स' म्हणतात. सामन्यांचे टीव्ही हक्क कॉन्फरन्स एकत्रितपणे विकते आणि आलेला पैसा सदस्य विद्यापीठांना वाटून देते. म्हणूनच कॉन्फरन्स बदलण्याचा निर्णय मैदानापेक्षा जमाखर्चाच्या वहीत आधी होतो.

पैशाचे गणित

'बिग टेन' या कॉन्फरन्सने २०२२ मध्ये फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी या वाहिन्यांशी सात वर्षांचे करार केले. त्यांची किंमत ७०० कोटी डॉलरहून अधिक असल्याचे सांगितले गेले. हा पैसा मुख्यतः अमेरिकन फुटबॉलमुळे येतो. पोहणे, टेनिस, कुस्ती असे खेळ बहुतेक ठिकाणी फुटबॉल आणि बास्केटबॉलच्या कमाईवरच चालतात.

मेरीलँड विद्यापीठाचे उदाहरण बोलके आहे. हे विद्यापीठ १९५३ पासून 'एसीसी' कॉन्फरन्सचे संस्थापक सदस्य होते. तूट भरून निघेना म्हणून २०१२ मध्ये त्याने आपले सात संघ बंद केले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बिग टेनमध्ये जाण्याचे ठरवले. एसीसीने बाहेर पडण्याचे शुल्क म्हणून ५ कोटी २० लाख डॉलरहून अधिक रकमेची मागणी केली. प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१४ मध्ये सुमारे ३ कोटी १४ लाख डॉलरवर तडजोड झाली.

नव्या सदस्याला पहिल्या दिवसापासून पूर्ण वाटा मिळेलच असे नाही. २०२४ मध्ये बिग टेनमध्ये आलेल्या ओरेगन आणि वॉशिंग्टन विद्यापीठांनी सुरुवातीला कमी वाटा मान्य केला. सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाने तर एसीसीत प्रवेशासाठी नऊ वर्षे टीव्हीच्या पैशावर पाणी सोडले.

वाढलेला प्रवास, मागे राहिलेले संघ

लॉस एंजेलिसचे यूसीएलए आणि न्यू जर्सीचे रटगर्स आता एकाच कॉन्फरन्समध्ये आहेत. दोघांत सुमारे चार हजार किलोमीटर अंतर आहे. फुटबॉल संघ आठवड्यातून एकदाच खेळतो. व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉलसारख्या संघांचे सामने मात्र जास्त असतात, त्यामुळे प्रवासखर्च वाढतो आणि खेळाडूंचे वर्गही बुडतात.

याच स्थलांतरात 'पॅक-१२'च्या बारापैकी दहा सदस्यांनी २०२४ मध्ये साथ सोडली. उरली फक्त ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. यूसीएलए आणि बर्कली ही कॅलिफोर्नियाच्या एकाच सरकारी विद्यापीठाची दोन केंद्रे. यूसीएलएच्या जाण्याने बर्कलीचे नुकसान होणार म्हणून यूसीएलएने त्याला वर्षाला १ कोटी डॉलर द्यावेत, असे विद्यापीठाच्या नियामक मंडळाने ठरवले.

चाहत्यांच्या वाट्याला काय?

मोठ्या संघांविरुद्धचे सामने आणि टीव्हीवर अधिक झळक हा चाहत्यांचा फायदा. पण गाडी काढून पाहुण्या मैदानावर जाणे अवघड होते आणि वेळेच्या फरकामुळे काही सामने गैरसोयीच्या वेळी होतात. सर्वांत मोठा तोटा जुन्या चुरशींचा. ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायनाविरुद्धचे बास्केटबॉल सामने मेरीलँडच्या चाहत्यांसाठी दरवर्षीचा सण होता, तो गेला.

टेक्सस आणि टेक्सस ए अँड एम यांची फुटबॉलमधील स्पर्धा १८९४ पासूनची. ए अँड एमने २०१२ मध्ये 'एसईसी' गाठली आणि ती थांबली. टेक्ससही एसईसीत आल्यावर, ३० नोव्हेंबर २०२४ रोजी, तेरा वर्षांनी हे शेजारी पुन्हा भिडले. मधल्या काळात शिकून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांच्या अनेक तुकड्यांना हा सामना कधी पाहताच आला नाही.