जलसंजीवनी

जलसंजीवनी : जुलाब-उलट्यांमुळे मुलाच्या शरीरातून गेलेले पाणी व क्षार तोंडावाटे भरून काढण्यासाठी द्यावयाचे ग्लुकोज व क्षारांचे द्रावण. आरोग्यकेंद्रात आणि औषधांच्या दुकानात ‘ओआरएस’ हेच नाव अधिक रूढ आहे. या द्रावणाने जुलाब थांबत नाहीत. शरीर कोरडे पडून येणारा मृत्यू टळतो. हे आईला आधी सांगितले नाही, तर दोन वाट्या पाजूनही जुलाब चालूच म्हणून पुडी बाजूला पडते.

तत्त्व : पटकीसारख्या रोगात आतड्याची सोडियम शोषण्याची एक वाट बंद पडली, तरी ग्लुकोजच्या जोडीने सोडियम आत घेणारी वाट शाबूत राहते आणि त्यामागोमाग पाणी ओढले जाते. ही जोडी रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडली. साखर जास्त झाली तर पाणी उलट आतड्यात उतरते व जुलाब वाढतात. मीठ जास्त झाले तर रक्तातील सोडियम धोकादायक पातळीला जाते. म्हणून प्रमाण हेच या औषधाचे सर्वस्व.

इतिहास : कोलकात्याचे हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी १९५३ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये मीठ-ग्लुकोजच्या पाण्याने पटकीचे रुग्ण बरे केल्याचे लिहिले, त्यांच्या उपचारात पानओव्याच्या जातीच्या पाल्याचा रसही होता. ढाक्यात डेव्हिड नालिन व रिचर्ड कॅश यांनी १९६८ मध्ये पद्धतशीर चाचण्या केल्या. आद्य श्रेयाबद्दल एकमत नाही.

मोठी कसोटी लागली ती १९७१ मध्ये, बांगलादेश मुक्तिसंग्रामातील निर्वासितांच्या लोंढ्यात. पश्चिम बंगालमधील बनगाव येथे पटकी पसरली, शिरेवाटे द्यायचे सलाइन संपत आले आणि रुग्ण जमिनीवर ओळीने पडले होते. बालरोगतज्ज्ञ दिलीप महालनबीस यांनी कोलकात्यातील आपल्या संशोधन केंद्रात पुड्या भरून घेतल्या : दर लिटरमागे ग्लुकोज २२ ग्रॅम, मीठ ३.५ ग्रॅम, खाण्याचा सोडा २.५ ग्रॅम. द्रावण पिंपात कालवून नातेवाइकांच्या हाती दिले. पाजण्याचे काम नातेवाइकांनीच केले. तीन हजारांहून अधिक रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्के राहिले. त्याआधी ते ३० टक्क्यांच्या आसपास सांगितले जाते. तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, हा आक्षेप शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे. त्या परिस्थितीत असा गट कोणी ठेवला असता असे मात्र वाटत नाही. महालनबीस यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

बांगलादेशात ब्रॅक संस्थेने १९८० नंतर घरोघरी चिमूटभर मीठ व मूठभर गूळ यांचे द्रावण शिकवले.

घटक : सध्याच्या सूत्रात १ लिटर पाण्यास मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम व ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. २००२ पूर्वीचे सूत्र याहून तीव्र होते.

देण्याची रीत : दोन वर्षांखालील मुलास प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलि., त्यापुढे १०० ते २०० मिलि., चमच्या-चमच्याने. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा, अधिक सावकाश. डोळे खोल गेले, मूल किरकिरे व तहानेले झाले, पोटाच्या कातडीचा चिमटा सावकाश बसू लागला, तर वजनाच्या किलोमागे ७५ मिलि. चार तासांत, आरोग्यकेंद्रात. मूल सुस्त पडून पिईनासे झाल्यास शिरेवाटे सलाइनच हवे. अंगावरचे दूध व नेहमीचे अन्न चालू ठेवतात. सोबत जस्ताची गोळी १४ दिवस : सहा महिन्यांखाली १० मिलिग्रॅम, पुढे २०.

घरगुती पर्याय : १ लिटर पाण्यात साखर सहा सपाट लहान चमचे, मीठ अर्धा. पेज, ताकही चालते.

बाजारातील पेये : गोड फळपेये ‘ओआरएस’ या नावाने खपत असत. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यास मनाई केली.

साठवण : मोठी पुडी १ लिटरची व छोटी २०० मिलि.ची असते, पुडी अर्धी करून कालवू नये. तयार द्रावण २४ तासांनंतर टाकून द्यावे.