दहा दहा पैसे आणि एक रुपया

नातेवाइकांपैकी जे हा ब्लॉग नेमाने वाचतात, त्यांना मी नक्की काय काम करतो हे अजून कळलेलं नाही. (तक्रार नाही. मलाही नीट सांगता येत नाही.) त्यातला एक तुकडा आज सांगून बघतो.

माहिती साठवायची जागा म्हणजे डेटाबेस, आणि त्या माहितीवर काम करणारा प्रोग्रॅम वेगळा. दोघांनाही आकडे, नावं, तारखा सांभाळायच्या असतात. पण 'आकडा' म्हणजे काय, यावर त्यांचं एकमत नाही. मग टेबलातल्या कुठल्या प्रकारच्या कॉलमसाठी प्रोग्रॅममध्ये कुठल्या प्रकारचा व्हेरिएबल घ्यायचा, हे आम्ही ठरवायचं. पत्रिका जुळवण्यातलाच प्रकार. आणि खोट निघाली तर ती लग्नानंतरच निघते, हेही तसंच.

एके काळी या पत्रिका आपोआप जुळत. कोबॉल ही भाषा १९६० च्या सुमारास आली, ती मुळात हिशेबनिसांसाठीच. त्यात व्हेरिएबल लिहितानाच सांगायचं, की सात आकडे, मग दशांशचिन्ह, मग दोन आकडे. आयबीएमच्या १९६४ च्या सिस्टिम/३६० या यंत्राला दशमान पद्धतीनेच बेरीज करता यायची: एका बाइटमध्ये दोन अंक, आणि शेवटच्या अर्ध्या बाइटमध्ये अधिक-उणेची खूण. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये टेबलांची कल्पना मांडली आणि आयबीएमने तिच्यावर उभा केलेला डीबी-टू १९८३ मध्ये जाहीर झाला, तेव्हा त्यातला डेसिमल कॉलमही याच पद्धतीने साठवला गेला. कॉलम आणि व्हेरिएबल सख्खी भावंडंच. बँकांमधलं जुनं कोबॉल अजून का टिकून आहे, याचं हेही एक कारण असावं असं माझं मत.

बिघडलं ते सी भाषेपासून. ती १९७० च्या दशकात बेल लॅब्जमध्ये घडली, ऑपरेटिंग सिस्टिम लिहायला. तिथे रुपये-पैशांचं काय काम? पूर्णांक आणि फ्लोट-डबल एवढ्यावर भागलं. १९९५ मध्ये आलेल्या जावाने मूळ प्रकार साधारण तेच उचलले. फ्लोट आणि डबल हे द्विमान अपूर्णांक, म्हणजे अर्धा, पाव, अष्टमांश यांच्या बेरजेने बनलेले. आणि या पद्धतीत एक दशांश, म्हणजे ०.१, नेमका लिहिताच येत नाही. दहा पैशांची दहा नाणी डबलमध्ये एकेक करून मोजा. उत्तर येतं ०.९९९९९९९९९९९९९९९९. रुपया भरतच नाही!

आता गंमत बघा. आपल्याकडे दशमान नाणी आली १ एप्रिल १९५७ ला. त्याआधी रुपयाचे आणे सोळा आणि पैसे चौसष्ट. एक सोळांश आणि एक चौसष्टांश हे दोन्ही द्विमान पद्धतीत अगदी नेमके बसतात. म्हणजे आजोबांचा आणे-पैशांचा हिशेब डबलमध्ये बिनचूक झाला असता, आणि आपला होत नाही. (पै मात्र नडली असती. रुपयाला १९२, आणि त्यात तीनाचा भाग आहे.)

जावाने १९९७ मध्ये डेटाबेसशी बोलायची सोय, जेडीबीसी, आणली, तेव्हा सोबत बिगडेसिमलही आणला. डेसिमल आणि न्यूमेरिक कॉलम त्याच्याशी जोडायचे, असा नियम झाला. नियम चांगला. पण वापरायला हा प्राणी अवघड: साधं अधिक चिन्ह चालत नाही, आणि २.५ नि २.५० 'समान' आहेत का विचारलं तर नाही म्हणतो. मग घाईतला माणूस डबल वापरतो, आणि महिनाअखेर ताळेबंदात एक पैसा कमी येतो. तो एक पैसा शोधायला लागणाऱ्या रात्री कुणी मोजत नाही.

पैशाखालोखाल 'नाही'चा घोळ. मार्कशीटवर शून्य वेगळं आणि गैरहजर वेगळं, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. डेटाबेसलाही कळतं, तो तिथे नल ठेवतो. पण जावाच्या साध्या पूर्णांकात गैरहजर राहायची सोयच नाही. जेडीबीसीकडून असा आकडा मागितला तर शून्य हातात येतं, आणि 'आत्ताचं ते नल होतं का हो?' असं मागाहून वेगळं विचारावं लागतं. कोबॉलवाल्यांकडे यासाठी शेजारी एक जादा व्हेरिएबल असे. तो उणे निघाला की समजायचं, जागा रिकामी आहे. युक्ती तीच, फक्त तिथे विसरणं थोडं कठीण होतं.

नावांवरही जाऊ नका. एसक्यूएलमधला फ्लोट जावात डबल होतो, आणि रिअल होतो फ्लोट. ओरॅकलच्या डेट या कॉलमात तारखेबरोबर तास, मिनिटं, सेकंदही असतात, तर जावाच्या एसक्यूएल डेटमध्ये नुसता दिवस अपेक्षित. ओरॅकलच्या ९.२ आवृत्तीच्या ड्रायव्हरने पहिल्याची जोडी दुसऱ्याशी लावली, तेव्हा लोकांच्या नोंदींतली वेळ वाचतावाचता गायब व्हायला लागली. ११.१ मध्ये जोडी पुन्हा पूर्वीसारखी टाइमस्टॅम्पशी लावली.

आणि हो-नाहीचं म्हणाल, तर ओरॅकलच्या टेबलात खराखुरा बूलियन कॉलम यायला २०२३ साल उजाडलं. तोवर कुणी एक अक्षराच्या कॉलमात 'वाय' आणि 'एन' लिहायचं, कुणी एक आणि शून्य. एकाच डेटाबेसमध्ये दोन्ही सापडलेली मी पाहिली आहेत, आणि एका टेबलात चक्क रिकामी जागा म्हणजे 'नाही'.