मुक्ती मिशन, केडगाव : न सरणाऱ्या आनंदाची वाटचाल

पंडिता रमाबाईंनी 11 मार्च 1889 रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ उघडले, तेव्हा त्यांचे वय अवघे तीस वर्षांचे होते. एवढ्या वयात त्यांनी बहुतेक सगळी जिव्हाळ्याची माणसे गमावली होती. वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि थोरली बहीण ही तिघे 1874 च्या सुमाराच्या दुष्काळात अन्नावाचून गेली. पुढे भाऊ श्रीनिवास गेला. बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी झालेला विवाह दोन वर्षेही टिकला नाही. 1882 मध्ये पतीचे निधन झाले आणि पदरात लहानगी मनोरमा राहिली. संस्कृतच्या ज्ञानामुळे कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या होत्या. पण मनाला शांती मिळाली नव्हती. इंग्लंडमध्ये वाँटेज येथे 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो या शोधातला एक टप्पा होता.

विधवांना आसरा आणि शिक्षण मिळावे, हा शारदा सदनाचा हेतू. 1887 मध्ये अमेरिकेत रमाबाईंचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी बोस्टनमध्ये स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे खर्च उचलण्याचे ठरवले. सदनात धर्माची सक्ती नसावी, ही अट रमाबाईंनाही मान्य होती. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या. धोंडो केशव कर्वे यांच्याशी 1893 मध्ये विवाह झाल्यावर त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. कर्व्यांच्या पुढच्या कार्यामागेही शारदा सदनाचा हा धागा आहे, याची नोंद महाराष्ट्राने ठेवायला हवी.

1890 मध्ये सदन पुण्याला हलले. याच सुमारास, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, रमाबाईंच्या आयुष्यातला खरा पालट झाला. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, परंतु ख्रिस्त अद्याप आपल्याला लाभलेला नाही, असे त्यांना जाणवले. विद्या, वाद, मंडळींची मान्यता यांपैकी कशानेही न भरलेली पोकळी ख्रिस्तावर सर्वस्वी विसंबल्यावर भरून निघाली, अशी त्यांची साक्ष आहे. 1907 साली प्रसिद्ध केलेल्या आत्मकथनपर साक्षीत या आनंदाला त्यांनी कधीही न संपणाऱ्या ठेव्याची उपमा दिली. संस्थेची पुढची सारी वाटचाल या ठेव्याच्या बळावर झाली.

पहिली कसोटी लवकरच आली. रमाबाई पहाटे आपल्या खोलीत लेकीबरोबर प्रार्थना करीत. खोलीचे दार उघडे असे. मुली येऊन बसत, कोणी त्यांना बोलावीत नसे, कोणी हाकलीतही नसे. या उघड्या दारावरून 1893 मध्ये पुण्यात वादळ उठले. ‘केसरी’ने कडक टीका केली, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले, पालकांनी वीसहून अधिक मुली घरी नेल्या. सल्लागारांच्या शंकेत प्रामाणिकपणा होता, हे मान्य करावे लागते. रमाबाईंनी मात्र दार लावून घेतले नाही. ज्या आनंदाने आपण सावरलो, तो लपवून ठेवणे त्यांना शक्य नव्हते.

परदेशी मदतीची मुदत संपल्यावर संस्थेला स्वतःचे उत्पन्न हवे, म्हणून पुण्याच्या पूर्वेला दौंडच्या वाटेवर, रेल्वेमार्गालगत केडगाव येथे सुमारे शंभर एकर जमीन घेण्यात आली. तेथे फळबाग करावी, एवढाच प्रारंभीचा विचार होता. 1896 च्या अवर्षणाने तो बदलला. त्या वर्षी मध्य प्रांतात पावसाने लवकर पाठ फिरवली आणि उभी पिके वाळली.  धानावर जगणाऱ्या मुलुखात धान गेले की घरात काहीच उरत नाही. मध्य प्रांतातल्या भुकेल्या मुलींच्या वार्ता पुण्याला पोहोचल्या, तेव्हा रमाबाईंना आपली उपाशी आईच पुन्हा दिसली असणार. त्या स्वतः निघाल्या, दुष्काळी कामांवर आणि अन्नछत्रांत फिरल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन परतल्या.

पुण्यात त्या वेळी प्लेगची साथ होती. इतक्या नव्या मुली शहरात ठेवता येईनात. त्यांना केडगावच्या माळावर आणून तंबूंत आणि झोपड्यांत ठेवले गेले. पुष्कळ जणी इतक्या खंगल्या होत्या की आसरा मिळूनही वाचल्या नाहीत. वाचलेल्यांना अंघोळ, दोन वेळचे जेवण आणि अक्षरओळख यांपासून सुरुवात करावी लागली. सुंदराबाई पवार, गंगाबाई गद्रे आणि अमेरिकेहून आलेल्या मिनी एब्रॅम्स यांनी हा भार रमाबाईंच्या बरोबरीने उचलला. विहिरी खणल्या गेल्या, इमारती उठल्या आणि सप्टेंबर 1898 मध्ये ‘मुक्ती सदना’चे समर्पण झाले. लगेच 1899-1900 चा गुजरातचा दुष्काळ आला आणि वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. वाट चुकलेल्या म्हणून समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’, वृद्धांसाठी ‘प्रीती सदन’, अंध मुलींसाठी ‘बार्तिमी सदन’ अशी घरे वाढत गेली. मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकून घेतली आणि अंध मुलींना शिकवली. ज्यांच्या हाती कधी पाटीही आली नव्हती, त्यांची बोटे कागदावरच्या उंचवट्यांवरून फिरून शुभवर्तमान वाचू लागली. शेती, गोठा, तेलघाणा, विणकाम, छापखाना ही सारी कामे मुलींच्याच हाती होती.

1905 च्या प्रारंभी सत्तर जणींनी रोज एकत्र प्रार्थना करायला सुरुवात केली. संख्या साडेपाचशेवर गेली. जूनअखेर मुक्तीत मोठे आध्यात्मिक जागरण झाले. पश्चात्तापाचे अश्रू आणि त्यापाठोपाठ उसळलेला हर्ष यांची वर्णने जगभरच्या ख्रिस्ती मंडळ्यांत पोहोचली. संस्थेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे हे की दुष्काळाने अनाथ केलेल्या या मुली टोळ्या करून भोवतालच्या खेड्यांत सुवार्ता सांगायला जाऊ लागल्या. घेणाऱ्या होत्या, त्या देणाऱ्या झाल्या.

उतारवयात रमाबाईंनी सर्वांत अवघड काम हाती घेतले. खेड्यातल्या बाईला समजेल अशा साध्या मराठीत संपूर्ण बायबल आणायचे, म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मजकूर त्यांनी सिद्ध करायचा, खिळे मुलींनी जुळवायचे, फर्मे मुलींनीच छापायचे. या काळात ऐकू येणे मंदावले होते आणि प्रकृती ढासळत होती. 24 जुलै 1921 रोजी मनोरमाबाई गेल्या. संस्थेची वारस आणि पोटची लेक एकाच वेळी हरपली. तरी काम थांबले नाही. शेवटची मुद्रिते तपासून हातावेगळी झाली आणि 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंनी देह ठेवला. संपूर्ण बायबल 1924 मध्ये बाहेर पडले.

संस्थापिकेच्या मागे संस्था मोडेल, ही भीती खरी ठरली नाही. लिसा हेस्टी यांनी सूत्रे घेतली. त्यानंतर देशी-परदेशी सेविकांच्या पिढ्या येत राहिल्या आणि ‘पंडिता रमाबाई मुक्ती मिशन’ या नावाने काम रुजले. भारत सरकारने 1989 मध्ये रमाबाईंच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. केडगावी आज निराधार मुली कुटुंबपद्धतीच्या घरांतून वाढतात. शाळा, रुग्णालय, अंध आणि वृद्ध स्त्रियांची सेवा आणि रमाबाईंच्या हयातीत उभारलेल्या दगडी मंदिरातली उपासना चालू आहे.