ख्रिस्तपुराणांतील सृष्टिदर्शन

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'चा उल्लेख आमच्या वाङ्मयचर्चेंत वारंवार येतो. परंतु तो बहुधा एकाच स्थळासाठीं, म्हणजे पहिल्या अवस्वरांतील मराठी भाषेच्या स्तुतीसाठीं. (या ग्रंथांत अध्यायास 'अवस्वर' अशी संज्ञा आहे.) परदेशीं जन्मलेला एक पुरुष आमच्या भाषेचे गोडवे गातो याचें आम्हांस कौतुक वाटतें, आणि त्या कौतुकापाशींच बहुतेकांचें वाचन थांबतें. त्या स्तुतींत जीं फुलें, जे पक्षी व जे वृक्ष आले आहेत ते ज्या समाजापुढें गाइले गेले, त्या समाजास त्यांचा अर्थ काय वाटला असेल, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. प्रस्तुत लेखांत त्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, सृष्टींतील पदार्थांस पूज्यांच्या पंक्तींतून उठवून निर्मितांच्या पंक्तींत बसविणें, आणि तसें करतांना त्यांचा महिमा मात्र उणा होऊं न देणें, हें या पुराणाच्या प्रमुख कार्यांपैकीं एक होतें.

प्रथम ग्रंथाची हकीकत. स्टीफन्स यांचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडांतील विल्टशर परगण्यांत झाला. १५७५ सालीं रोम येथें ते येशूसंघांत दाखल झाले, ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बन सोडून निघाले व त्याच वर्षीं २४ ऑक्टोबरला गोव्यास पोंचले. पुढील चाळीस वर्षें, म्हणजे १६१९ मध्यें मृत्यु येईपर्यंत, ते त्याच प्रांतांत व विशेषतः साष्टींत राहिले. त्यांचें पुराण १६१६ सालीं राशोल येथें रोमन लिपींत छापलें गेलें आणि १६४९ व १६५४ या सालीं पुन्हां छापलें गेलें. पण या तिन्ही आवृत्तींची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. जें टिकलें तें हस्तलिखितांमुळें टिकलें. जोसेफ सालदान्हा यांनीं रोमन लिपींतील पोथ्यांवरून १९०७ सालीं मंगळूर येथें ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत आदिपुराणाचे ३६ व देवपुराणाचे ५९ अवस्वर असून ओंव्यांची संख्या १०,९६२ भरते. पुढें डॉ. जस्टिन ॲबट यांनीं लंडन येथील मार्सडेन संग्रहांतील देवनागरी प्रतीकडे अभ्यासकांचें लक्ष वेधलें. रोमन पोथ्यांत पोर्तुगीज शब्द आढळतात, तर देवनागरी प्रतींत त्यांच्या ठिकाणीं अनेकदां संस्कृत शब्द दिसतात. यांपैकीं मूळ पाठ कोणता हा वाद स्वतंत्र आहे. सृष्ट्युत्पत्तीची कथा दोन्ही परंपरांत असल्यामुळें येथें त्या वादांत शिरण्याचें कारण नाहीं.

स्टीफन्स यांची दृष्टि मुळांतच निरीक्षकाची होती. १० नोव्हेंबर १५७९ रोजीं त्यांनीं गोव्याहून पित्यास धाडलेलें पत्र हॅक्लुट यांच्या प्रवाससंग्रहांत छापलेलें आहे. तारवाबरोबर येणारे मोठे मासे, उडणारे मासे, होकायंत्राच्या सुईचें दिशेपासून ढळणें, या सर्वांची नोंद त्यांत आहे. जमीन जवळ आल्याच्या खुणाहि क्रमवार दिल्या आहेत: आधीं हिंदुस्थानचे म्हणून ओळखीचे पक्षी, मग ताडामाडांच्या वाहत आलेल्या फांद्या, आणि मग पाण्यावर पोहणारे साप. माडाच्या रसाचाहि उल्लेख त्यांत आहे. हें सर्व वर्णन जिज्ञासु प्रवाशाचें आहे. सृष्टि येथें पाहण्याचा विषय आहे, गाण्याचा नव्हे. सदतीस वर्षांनीं छापलेल्या पुराणांत मात्र तीच सृष्टि गेय झाली. या मधल्या काळांत तें स्थित्यंतर घडविणारे त्यांचे श्रोते होते.

ते श्रोते कोण होते हें विसरून चालणार नाहीं. साष्टींतील देवालयें १५६७ सालीं पाडलीं गेलीं होतीं. १५८३ सालीं कुंकळ्ळीस पांच येशूसंघी मारले गेले, इतका तेथील विरोध तीव्र होता. धर्मांतर केलेल्या कुटुंबांनीं गमावल्या त्या केवळ मूर्ति नव्हेत. पारावरील पिंपळ, अंगणांतील तुळस, वारूळ, उगवता सूर्य यांच्याशीं असलेला पिढ्यांचा संबंधहि एकाएकीं निषिद्ध ठरला. झाड तेथेंच उभें होतें; त्याकडे पाहावें कसें, हें मात्र सांगणारें कोणी नव्हतें. पहिल्याच अवस्वरांत एक नवख्रिस्ती मनुष्य पाद्रीस विचारतो कीं, आमचीं जुनीं पुराणें तुम्हीं बंद केलींत, तर त्यांच्या जागीं दुसरें पुराण कां देत नाहीं? ग्रंथाचा जन्म या मागणींतून झाल्याचें ग्रंथकारच सांगतात. आम्हांस ही मागणी केवळ कथांची वाटत नाहीं. पुराण म्हणजे सर्ग, प्रतिसर्ग इत्यादि पंचलक्षणांनीं युक्त ग्रंथ, हें आमचे वाचक जाणतातच. ज्याच्या हातून पुराण जातें त्याच्या हातून सृष्टीची उपपत्तिहि जाते.

स्टीफन्स यांनीं ती उपपत्ति कोणत्या शब्दांत दिली तें पाहावें. मंगलाचरणांत परमेश्वरास विश्व भरून राहिलेला असें म्हटलें आहे, व लागलीच स्वर्ग व पृथ्वी यांचा रचणारा असेंहि म्हटलें आहे. पहिलें विशेषण आमच्या कानांस ओळखीचें आहे. दुसऱ्यानें त्याला मर्यादा घातली आहे. देव सृष्टींत आहे, पण सृष्टि देव नव्हे. पुढें सहा दिवसांच्या उत्पत्तीची कथा येते, आणि बायबलच्या क्रमाप्रमाणें सूर्यचंद्र निर्माण होतात ते चौथ्या दिवशीं. ज्याचा दिवस सूर्यास अर्घ्य देऊन उगवत असे त्याला ही गोष्ट केवढी वाटली असेल! ज्याला हात जोडावयाचे तोच आतां आपल्यासारखा कोणाच्या तरी हातचा झाला.

आतां मराठीच्या स्तुतीकडे वळूं. फुलांत मोगरी, सुगंधांत कस्तुरी, पक्ष्यांत मोर, वृक्षांत कल्पतरु, सात वारांत रवि व शशी, तशी भाषांत मराठी, असा तेथील उपमांचा क्रम आहे. संस्कृतज्ञांस येथें भगवद्गीतेचा दहावा अध्याय आठवल्यावांचून राहणार नाहीं. वृक्षांत अश्वत्थ, पक्ष्यांत गरुड, ज्योतींत सूर्य, ऋतूंत वसंत, हीच ती रचना. गीतेंत मात्र प्रत्येक वर्गांतील श्रेष्ठ वस्तु ही भगवंताची विभूति आहे. 'तो मी' असें स्वतः भगवान् सांगतात. ख्रिस्तपुराणांत सांचा तोच राहिला व संबंध पालटला. येथें श्रेष्ठ वस्तु देवाचें रूप नसून देवाच्या हातची उत्तम कृति आहे, आणि तिची जोड मनुष्याच्या वाणीशीं घातली आहे. रविशशी देखील देवता म्हणून न येता आठवड्याचे दोन वार म्हणून येतात. अश्वत्थ व गरुड या ओंव्यांत नाहींत. यावरून स्टीफन्स यांनीं पौराणिक पदार्थ टाळले असें मात्र म्हणतां येणार नाहीं, कारण कल्पतरु इंद्राच्या नंदनवनांतला व मोर कार्तिकेयाचें वाहन. परंतु कल्पतरु साष्टींत कोणाच्या दारीं नव्हता, पिंपळ होता.

हे सर्व कविसंकेत आहेत, त्यांत धर्मदृष्टि शोधणें व्यर्थ, असा आक्षेप येऊं शकेल. संकेत जुने आहेत हें आम्हांसहि मान्य आहे. पण ज्या प्रांतांत एखादें रोप घरीं लावणें हा धर्माधिकाऱ्यांच्या चौकशीचा विषय होतो, तेथें फुलाझाडांचा उल्लेख निव्वळ अलंकार राहत नाहीं. १४ एप्रिल १७३६ च्या आज्ञापत्रानें गोव्याच्या इन्क्विझिशननें ख्रिस्ती रयतेस तुळस लावण्याची मनाई केली. ग्रंथ छापल्यास तोंवर एकशें वीस वर्षें होऊन गेलीं होतीं. म्हणजे इतक्या काळांतहि तुळस ख्रिस्ती अंगणांतून गेलेली नव्हती. एका बाजूस सृष्टीकडे नव्या नजरेनें पाहावयास शिकविणारें पुराण, व दुसऱ्या बाजूस सृष्टींतील एक रोप उपटावयास लावणारी आज्ञा, हे दोन्ही मार्ग एकाच धर्माच्या नांवानें चालले. आज्ञेला भय हें साधन होतें, पुराणाला ओंवी. आज गोव्यांतील जुन्या ख्रिस्ती घरांपुढें वृंदावनासारख्या चौथऱ्यावर क्रूस उभा दिसतो. जागा तीच, पाहणें निराळें, हा पुराणाचाच मार्ग तेथें चुनादगडांत उतरला आहे असें आम्हांस वाटतें.

२७ जून १६८४ रोजीं गोवा सरकारनें रयतेस तीन वर्षांच्या आंत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला. तरीहि हें पुराण हातानें उतरून घेणारे लोक होते, आणि पोथीच्या रूपानें तें मंगळूरपर्यंत गेलें. म्हणून संग्राहकांस आमची विनंती आहे कीं, गोवें, दक्षिण कोंकण व कानडा जिल्हा येथील जुन्या घरांत रोमन लिपींतील सुटीं पानें आढळल्यास तीं पाद्र्यांच्या हिशेबाचीं म्हणून टाकून देऊं नयेत. अक्षर लावून वाचावें, ओंवीचा चरण जुळतो कीं नाहीं हें पाहावें, आणि जुळल्यास त्या पानाचा पाठ छापील आवृत्तींशीं ताडून प्रसिद्ध करावा. विशेषतः आदिपुराणाच्या आरंभींच्या अवस्वरांचीं पानें मोलाचीं होत, कारण सूर्य, वृक्ष व पाणी यांस एका समाजानें नव्यानें नांवें ठेवलीं तीं तेथें आहेत.